काटा कुणाच्या हातात, वही कुणाच्या घरी

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की गावच्या सहकारी सोसायटीची आमसभा चुकवू नका. त्यावर सोळा पत्रं आली. त्यातली नऊ शिव्यांची. शिव्या मला नव्हत्या, सोसायटीला होत्या; पण ३१ वर्षं गटसचिव म्हणून सोसायटीच्या वह्या सांभाळण्यात काढल्यावर या दोन्हींतला फरक माणसाला कळेनासा होतो. पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्या बायांना तूर घरात येण्याआधी ठरवायचं आहे.

काका, आमच्या गावात बचत गटांच्या मिळून आम्ही ४० जणी आहोत. सगळ्यांच्या घरी तूर होते. ती आम्ही फेब्रुवारीत बाजार समितीत विकतो आणि मे महिन्यात डाळ किराणा दुकानातून आणतो. यंदा डाळ मिल टाकावी असं मनात आहे. गावातले एक व्यापारी म्हणतात, मशीन माझी, शेड माझं, तुम्ही तूर द्या आणि रोजीनं कामाला या, डोक्याला ताप नाही. कुणी म्हणतं सहकारी संस्था काढा, कुणी म्हणतं कंपनी काढा. आम्ही गोंधळलो आहोत.
— एक ताई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई, तूर विकतो आणि डाळ विकत आणतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमचा सगळा प्रश्न तेवढ्यात आला. आमच्या घरीही तेच झालं. आई जात्यावर डाळ भरडायची तोवर ठीक होतं. पुढे जातं अंगणात तुळशीजवळ जाऊन पडलं आणि आम्हीही पोतं देऊन पिशवी आणायला लागलो.

पोतं आणि पिशवी यांच्यामधल्या तीन महिन्यांत काय होतं ते बघा. तूर चाळतात, खडे-माती काढतात, रोलरवर तिची साल ओरखडून घेतात, तेल चोळतात, उन्हात वाळवतात, पुन्हा मशीनमधून काढून फोडतात. क्विंटलभर चांगल्या तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते. उरलेली चुणी आणि टरफल ढोरांच्या खाद्यात जातं, तेही विकूनच. हे सगळं काम तुमच्या गावाबाहेर होतं आणि त्याची कमाई तुमच्या गावाबाहेर राहते.

आता व्यापाऱ्याबद्दल. मी त्याला चोर म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं भुसार दुकान आहे आणि तो माझ्यापेक्षा सरळ माणूस आहे. व्यापारी स्वतःचा पैसा अडकवतो, नुकसान आलं तर एकटा सोसतो, आणि मुख्य म्हणजे माल टाकला की त्याच दिवशी नोटा हातावर ठेवतो. हे शेवटचं विसरू नका, त्याच्याकडे मी परत येणार आहे. पण त्याच्या मिलमध्ये तुम्ही तूर घालणाऱ्या आणि रोजी घेणाऱ्या. उद्या त्याला दुसरीकडून स्वस्त तूर मिळाली तर तो तुमची घेणार नाही, आणि घेऊ नये, धंदा आहे त्याचा. हंगाम संपल्यावर किती उरले हे तुम्ही त्याला विचारू शकत नाही. विचारलंत तर तो चहा पाजेल आणि विषय बदलेल. संस्थेत तुम्ही हे विचारू शकता आणि उत्तर देणं तिला भाग असतं.

आकड्यांत मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. ४० जणींनी प्रत्येकी १,००० रुपयांचे शेअर घेतले, म्हणजे भागभांडवल ४०,०००. सगळ्यांची मिळून १२० क्विंटल तूर आली. वर्षअखेर सगळा खर्च, विजेचं बिल, मजुरी, कर्जाचा हप्ता वजा जाऊन ६०,००० नफा राहिला असं धरा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सांगतो की त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाका: १५,००० गेले. शेअरवर लाभांश जास्तीत जास्त १५ टक्के देता येतो: ६,०००. राहिले ३९,०००. त्यातले ९,००० पुढच्या वर्षीच्या पट्ट्या, बेअरिंग, बारदान्यासाठी ठेवू. उरलेले ३०,००० ज्या त्या बाईनं आणलेल्या तुरीवर वाटले, तर क्विंटलमागे २५० रुपये येतात. फक्त ही वाटणी उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, आधी लिहिलेली हवी. जिनं आठ क्विंटल आणली तिला २,००० आणि शेअरचे १५०. जिनं एकच क्विंटल आणली तिला २५० आणि शेअरचे १५०. पण आमसभेत हात वर करायची वेळ आली की दोघींचा एकेकच हात.

दुकान आणि संस्था यांत फरक म्हणाल तर हा. दुकानात नफा पैसा लावणाऱ्याच्या मागे जातो. इथं तो माल आणणारीच्या मागे जातो. कुणी श्रीमंत बाई म्हणाली, माझे एकटीचेच २५,०००चे शेअर घ्या, तर कायदा अडवतो: एका व्यक्तीकडे एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत. आणि जास्त शेअर असले तरी मत एकच.

संस्था की कंपनी? सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात, नोंदणी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते. शेतकरी उत्पादक कंपनीची सोय कंपनी कायद्यात २००२ साली आली, तिलाही दहा उत्पादक पुरतात आणि तिथंही साधारणपणे एका सभासदाला एकच मत. कंपनीत सरकारी अधिकाऱ्याचा हात कमी, पण दरवर्षीचे कागद ऑनलाइन भरावे लागतात, त्यासाठी सीए धरावा लागतो, आणि तारीख चुकली की दंड बसतो. चार-पाच गावांची तूर गोळा करून तुम्हाला पुण्या-मुंबईला पाठवायची असती तर मी कंपनी म्हटलं असतं. एका गावच्या ४० जणींसाठी, माझं मत विचाराल तर, संस्था. तालुक्याला एसटीनं जाऊन येता येतं आणि साहेबासमोर उभं राहून भांडता येतं.

एक खड्डा मात्र आत्ताच दाखवतो. उपविधी लिहिताना कुणीतरी हुशार माणूस सभासदत्वाच्या अटीत ‘स्वतःच्या नावे सातबारा’ असं टाकेल. टाकू देऊ नका. तुमच्या ४० जणींपैकी किती जणींच्या नावावर सातबारा आहे ते मला न पाहताही माहीत आहे. ती अट राहिली तर वर्षभरात सभासद रजिस्टरात नवरे दिसतील आणि मशीनवर तुम्ही.

आता त्या रोख नोटांकडे येतो. माझ्या पाहण्यात ज्या खरेदी-विक्रीच्या संस्था मेल्या, त्यातल्या बऱ्याच चोरीनं नाही मेल्या, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, उशिरा झाल्यानं मेल्या. जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्याच्या घरी पैसा लागतोच: हातउसने फेडायचे असतात, पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतो. ‘डाळ विकली की देऊ’ म्हणणारी संस्था कितीही आपली असली तरी तूर व्यापाऱ्याकडे जाते, आणि जाणाऱ्या बाईला दोष देता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी तूर विकतच घेऊ नका. फक्त भरडून द्या. ज्या बाईची तूर तिचीच डाळ, क्विंटलमागे मजुरी घ्या, चुणी तिला हवी तर तिला, नको तर मजुरीत कापून घ्या. यात तुमचं भांडवल तुरीत अडकत नाही, मशीन समजते, आणि कोण वेळेवर येतं नि कोण येत नाही तेही समजतं. खरेदी दुसऱ्या हंगामापासून, आणि तीही निम्मी रक्कम त्याच दिवशी देण्याची सोय झाली तरच.

मशीनचं म्हणाल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली छोटी डाळ मिल, जिला लोक पीकेव्ही मिनी डाळ मिल म्हणतात, ती विदर्भात बऱ्याच ठिकाणी चालते. कोटेशन मागवण्याआधी तिघी-चौघी मिळून एखादी चालती मिल बघून या. सोबत घरच्या तुरीचं एक पोतं न्या आणि समोर भरडून घ्या. किती डाळ निघाली, किती चुरा झाला, ते तिथंच तोलून लिहा. विकणाऱ्यानं सांगितलेला उतारा आणि पोत्यातून निघालेला उतारा यांची गाठ क्वचितच पडते. अनुदानाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा, पण अनुदान मिळेल असं धरून हिशेब मांडू नका.

आणि मशीनच्या आधी काटा घ्या. वैधमापनचा शिक्का असलेला, आकडा सगळ्यांना दिसेल असा. लहानपणी मी वडिलांसोबत ज्वारी घालायला जायचो तेव्हा दिवाणजी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी. दांडी वर जाताना त्याची करंगळी कुठे असते हे वडील मला घरी येऊन दाखवायचे, हातात लाटणं घेऊन. ‘लाभ त्याचा, माप आपलं,’ म्हणायचे. पण दुकानात कधी बोलले नाहीत. पेरणीला बियाणं त्याच्याकडूनच उधार यायचं.

काका, सहकार म्हणजे पुढाऱ्यांचं कुरण, हे तुम्हीही मनातून मान्य करत असाल. माझ्या वडिलांची ठेव एका पतसंस्थेत बुडाली. मी बी.कॉम. झालो, आता स्वतःचं कृषी सेवा केंद्र टाकतो आहे. घरचे म्हणतात सोसायटीमार्फत टाक. कशाला टाकू? पटवून द्या.
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

बाबू, पटवून देणार नाही. स्वतःचं टाक. तुला एकट्यानं ठरवायचं आहे, एकट्यानं कमवायचं आहे, तर संस्थेत जाऊन दहा जणांच्या बैठकीत बसण्यात अर्थ नाही. सहकार हे काही सद्गुणाचं प्रमाणपत्र नाही.

वडिलांच्या ठेवीचं वाईट वाटलं. इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बँक आणि पतसंस्था लोकांना एकच वाटतात. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे असतो. तो वाचून थांबू नका, त्याच्या पुढचा शब्द वाचा.

कुरणाचं म्हणतोस ते खरं आहे, आणि मी त्या कुरणाचा राखणदार होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता आणि आमसभा मुदतीत झाल्याचं दाखवणं भाग होतं. अध्यक्ष म्हणाले, लोक येत नाहीत, तू रजिस्टर फिरव. मी फिरवलं. महालक्ष्म्या होऊन गेलेल्या, पाणी लागलेलं, रजिस्टर युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून मी दारोदार. लोक न वाचता सही करत होते. काहींनी तर बायकोला सांगितलं, माझी तूच करून टाक. गावाच्या टोकाला एक म्हातारी सभासद होती, नवरा गेल्यावर शेअर तिच्या नावावर झालेले. मी शाईचा पॅड पुढे केला.

‘सभा कवा झाली रे बाप्पा?’

‘परवा, आजी.’

‘कुठी?’

‘सोसायटीत.’

‘परवा त पाण्यापायी मी अर्धा दिवस सोसायटीच्याच ओट्यावर बसून होती. कुलूप होतं.’

तिनं अंगठा दिला नाही. मी पॅड मिटला. पुढच्या घरांतल्या सह्या मात्र घेतल्या, हेही सांगतो. रात्री रजिस्टर पूर्ण करताना तिच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहिलं. त्या सबंध रजिस्टरात खरी नोंद तेवढी एकच होती. त्या न झालेल्या सभेत एक खतविक्रीचा ठराव ‘एकमताने’ मंजूर झाला आणि त्यात सोसायटीचा जो पैसा गेला, तो आजतागायत वसूल झाला नाही. खाल्ला कुणी हे गावाला माहीत होतं. अडवायचं कुणी, हा प्रश्न होता. जिनं अडवलं तिला वाचता येत नव्हतं.

म्हणून मी ‘सहकार वाईट’ किंवा ‘सहकार चांगला’ या वादात पडत नाही. मी विचारतो, वही कुणाच्या घरी आहे? आमच्या कापसाचं बघ. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारी योजनेतच घालायचा. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटला, हमीचा भाव आला, ते वाईट नव्हतं. बैलबंड्यांच्या रांगेत वडिलांसोबत मी रात्री काढल्या आहेत, बैलाच्या पाठीला पाठ लावून. पण खरेदी सहकाराच्या नावानं असली तरी भाव ठरायचा मुंबईत, आणि त्या रांगेतल्या एकालाही कुणी हात वर करायला बोलावलं नाही. मालकाला जे विचारतात ते आम्हाला कधी विचारलं गेलं नाही. पुढे योजना गुंडाळली तेव्हाही नाही.

उलट जिथून ही गोष्ट सुरू झाली असं म्हणतात ते इंग्लंडमधलं रॉचडेल. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, काटकसर करून पैसा जमवला आणि डिसेंबरात एक दुकान उघडलं. माल किती? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. संपलं. तुझ्या कृषी केंद्रात पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त माल असेल. पण त्यांचे नियम वेगळे होते: भेसळ नाही, वजन पुरं, उधारी नाही, मत प्रत्येकाला एक, आणि उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. तिथल्या दुकानदारांकडून त्यांना पिठात काय काय खायला मिळत होतं ते वाचलं की त्यांनी ‘भेसळ नाही’ हा नियम का केला ते कळतं. आपल्याकडे १९०४चा पतसंस्थांचा कायदा आला तोही सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या शेतकऱ्यासाठीच. दोन्हीकडे सुरुवात गरजेतून झाली, प्रेमातून नाही.

तुझ्या केंद्राबद्दल एकच सुचवतो. धंदा तुझाच ठेव, पण गावात पाच-पन्नास शेतकरी मिळून बियाणं एकत्र मागवणार असतील तर त्यांना घाऊक भाव दे, पक्कं बिल दे. त्यांची पुढे संस्था झाली तर ते तुझेच गिऱ्हाईक राहतील. नाही झाली तरी राहतील. आणि उधारीची वही... तिचं मी काय सांगू, बी.कॉम. तू आहेस.

आम्ही सोसायटीचे सभासद आहोत पण नोटीस मिळत नाही, ताळेबंद मागितला तर ‘सचिव सुट्टीवर’ म्हणतात. हक्काचं काय आहे?
— दोन वाचक, एकाच गावचे, पण पत्रं वेगवेगळी, जि. वाशीम

दोघांना एकच उत्तर. (आणि एकमेकांना भेटा. एकाच गावात राहून एकच प्रश्न दोन पोस्टकार्डांवर कशाला?)

सहकार अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला अधिनियम, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सभासद रजिस्टर, आमसभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयाच्या वेळात पाहता येतात. तोंडी मागू नका. दोन प्रतींत अर्ज करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा, ती पावती हीच पोच. पंधरा-वीस दिवस वाट पाहून पोचेची झेरॉक्स जोडून सहायक निबंधकाकडे तक्रार करा. अर्जात शिव्या, राजकारण, ‘सर्व गावाची मागणी’ असलं काही नको. ‘अमुक वर्षाचा ताळेबंद पाहायचा आहे’, बस्. मी खुर्चीवर होतो तेव्हा तीन पानी अर्जाला मी कधी घाबरलो नाही, दोन ओळींच्या अर्जानं मात्र झोप उडायची.

मिळाला की लेखापरीक्षणाचा वर्ग बघा: अ, ब, क, ड. आणि मागच्या वर्षीचे दोष यंदा पुन्हा तेच लिहिलेत का ते बघा. बहुधा शब्दशः तेच असतात.

आमच्या मच्छीमार संस्थेच्या नावावर तलावाचा ठेका आहे, पण जाळं बाहेरचा ठेकेदार टाकतो आणि आम्ही सभासद त्याच्याकडे मजुरीनं मासोळी काढतो. अध्यक्ष म्हणतात, संस्थेकडे बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, टाकायला पैसे नाहीत. असं चालतं का?
— एक ढिवर भाऊ, जि. भंडारा

भाऊ, मी कापसातला माणूस, तलावातलं मला तुमच्याइतकं कळत नाही. पण हिशेब कळतो, आणि तुमच्या पत्रातला हिशेब उलटा आहे. तुमच्या भागातले मालगुजारी तलाव तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधी कोहळी लोकांनी बांधले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे मालगुजार जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारकडे आले. मासेमारीच्या ठेक्यात मच्छीमार संस्थांना प्राधान्य दिलं जातं ते नुसतं संस्थेच्या नावासाठी नाही, तिच्यातल्या माणसांसाठी. पाण्यात उतरणारा तोच मालक असावा म्हणून. संस्थेच्या नावावर तलाव घेऊन बाहेरच्याला पोटठेका द्यायचा म्हणजे तुमची सही वापरून तुम्हालाच मजूर करणं.

तीन कागद मागा. ठेक्याचा करारनामा: त्यात पोटठेक्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. ज्या सभेत ठेकेदाराला द्यायचं ठरलं तिचं इतिवृत्त: तुमची सही आहे का, आणि असली तर तुम्ही त्या दिवशी तिथं होतात का (वरची आजीची गोष्ट वाचली असेलच). आणि ठेकेदाराकडून संस्थेला आलेल्या रकमेची नोंद. पुढचा मार्ग मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय आणि सहायक निबंधक, दोन्हीकडे एकाच दिवशी.

बोटुकलीच्या पैशाचं कारण अगदीच खोटं नसेल. पण सगळा तलाव कटला-रोहूच्या विकतच्या बीजावरच चालतो असंही नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी तलावांतली बेशरम नावाची झुडपं उपटून काढली, पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, आणि मग स्थानिक जातीच्या मासोळ्या पुन्हा येऊ लागल्या. त्याला पैसा कमी लागतो, हात जास्त लागतात.

आणि बायांवरून आठवलं. पाटीत मासोळी घेऊन बाजारात बसते कोण? तुमच्या सभासद रजिस्टरात त्यांची नावं किती आहेत? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. विकणारीला रोजचा भाव माहीत असतो, ठेकेदार किती किलो नेतो हे तिला डोळ्यानं कळतं. अशा दहा जणी सभासद झाल्या तर अध्यक्षाला इतिवृत्त लिहिताना हात आखडता घ्यावा लागेल.

कधी जमलं तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी जाऊन या. ती सहकारी संस्था नाही, ग्रामसभा आहे. वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली गावानं आपला बांबू आपण विकायला सुरुवात केली. तिथं मतदान नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बसायचं. मला स्वतःला एवढा धीर नाही. पण ठेकेदाराशिवाय माल विकता येतो, एवढं तुमच्या अध्यक्षाला दाखवायला पुरेसं आहे.

आमसभेत चहा-चिवड्यावर संस्थेचा खर्च करणं योग्य का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

योग्य आहे. लोक दुरून येतात, चार घास द्यावेत. संत्र्याच्या गावात चिवड्यासोबत दोन फाकाही ठेवा. खर्चाचं बिल घ्या, खर्च मागच्या वर्षीपेक्षा फार वाढला असेल तर कारण लिहा.

फक्त चिवडा दारात वाटू नका. दारात चिवडा दिला की लोक तिथंच सही करतात, पुडी घेतात आणि शेतावर निघून जातात, मग ताळेबंद वाचायला अध्यक्ष, सचिव आणि एक कुत्रं उरतं. आधी वाचन, मग प्रश्न, मग सही, आणि चिवडा सगळ्यात शेवटी.